भरली घागर, उतरती पायरी

भरलेली घागर घेऊन विहिरीत उतरणारी माणसं मी आयुष्यात एकाच गावात पाहिली. बाकी जगात लोक रिकामी घागर घेऊन खाली जातात आणि भरलेली घेऊन वर येतात. हा क्रम उलटा करणारे गृहस्थ म्हणजे म्हसाजी वस्ताद. आपण काही जगावेगळं करतो आहोत असं त्यांना कधी वाटलं नाही. बारवेवर, म्हणजे त्या पायऱ्यांच्या विहिरीवर, पाण्याला आलेल्या बायकांना मात्र वाटे, आणि त्या तोंडाला पदर लावून हसत.

गाव जाफराबादेपासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठाला. नाव सांगत नाही. तिथल्या जहागीरदारांचे वारस अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. निजामाची अमदानी होती. मी सरकारी शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर, म्हणून तिथं गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. छाती सदऱ्याच्या मापाला कमी पडे, आणि व्यायाम हा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो असं माझं मत होतं. ते मत सायकलवरून पडल्यावर बदललं.

नदीच्या उतारावर एका सकाळी सायकल पुढं निघून गेली आणि मी मागं राहिलो. उजवा खांदा निखळला. दवाखाना भोकरदनला, आणि तिथं जायचं तर बैलगाडीतून, म्हणजे उरलेली हाडंही पणाला लावून. लोकांनी मला उचलून तालमीत नेलं.

तालीम म्हणजे मातीची एक बुटकी खोली, मध्ये आखाडा, कोपऱ्यात मारुती. वस्ताद उंबऱ्यावर बसले होते. साठीचा ठेंगणा माणूस. मान आणि डोकं एकाच जाडीचं, कान कुस्तीनं चुरगळलेले, खांद्यावर घोंगडी. विशीपर्यंत त्यांनी मेंढरं राखली होती आणि माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत: आधी पाय, मग पाठ, तोंड सगळ्यात शेवटी. त्यांनी मला आडवं केलं, माझ्या काखेत आपली टाच लावली आणि विचारलं, आज शाळेत काय शिकवणार होतात? गोदावरीच्या उपनद्या, मी म्हणालो. सांगा, म्हणाले. मी प्रवरा म्हणालो, सिंदफणा म्हणालो, आणि पूर्णा म्हणताना मध्येच खांद्यात काहीतरी मोठ्यानं वाजलं. पुढं कित्येक वर्षं वर्गात पूर्णा आली की माझा डावा हात आपोआप उजव्या खांद्याकडे जाई.

"हाड बसलं," ते म्हणाले. "पण भवतालचं मांस भ्यालंय, मास्तर. हाड एका दमात बसतं. भ्यालेल्याला समजवायला दोन म्हैने लागतेत."

पंधरा दिवस हात त्यांच्या जुन्या फेट्यात गळ्याला बांधलेला होता. मग त्यांनी मला तालमीच्या भिंतीसमोर उभं केलं, बोटं भिंतीवरून वर चालवत न्यायला सांगितली आणि जिथं दुखलं तिथं कोळशानं रेघ मारली. उद्यापासून रेघेच्या एक बोट खाली थांबायचं. रेघेला हात लावायचा नाही.

मी शंका काढली. रोज रेघेच्या खालीच थांबलो तर हात वर जाणार कधी?

"रेघ वर जाती," ते म्हणाले. "तुमी जाऊ नका. तिला जाऊ द्या."

हे मला गूढ वाटलं, आणि गूढ बोलणाऱ्या माणसांविषयी माझं मत व्यायामापेक्षाही वाईट होतं. पण दर आठवड्याला ते दुखण्याची जागा पुन्हा बघत, आणि नवी रेघ जुनीच्या वर पडे. दीड महिन्यात भिंतीवर शिडी तयार झाली. मग माझी रवानगी त्यांच्या घरी, चुलीशी झाली. सोनाबाई, म्हणजे वस्तादांची बायको, मला ज्वारीचं पीठ मळायला देई. खांद्याला जोर यावा म्हणून आधी एका भाकरीचं, मग दोन, मग सगळ्या घराचं. मी मळलेल्या पिठाच्या भाकरी वस्ताद न बोलता खात. सोनाबाई बोलून खाई.

माझ्याकडे एका विलायती पैलवानाचं सचित्र पुस्तक होतं. साठ दिवसांत सिंहासारखी छाती, अशी त्यात हमी होती, आणि रोज काय किती करायचं याचा तक्ता. तो मी वस्तादांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "समद्यांला येकच?" मी हो म्हणालो. त्यांनी पुस्तक अदबीनं परत केलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

त्यांचा तक्ता भिंतीत होता. प्रत्येक गड्याचा एक कोनाडा, कोनाड्यात मातीचं बोळकं, बोळक्यात चिंचोके. एक चिंचोका म्हणजे वीस बैठका. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन वस्ताद प्रत्येकाचे चिंचोके ठरवत, कमी करत, वाढवत. काल कोण पेरणीला गेला होता, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण झोपला नाही, हे सगळं त्या बोळक्यांत दिसे. तीन दिवस चिंचोके वाढत आणि चौथ्या दिवशी निम्म्यावर येत. तरण्याबांड पोरांना तो चौथा दिवस अपमानाचा वाटे. एकानं तसं बोलून दाखवलं तेव्हा वस्तादांनी त्याला त्याच्याच मळ्यातली मोट दाखवली. बैल धावेवरून पुढं जातो तेव्हा मोट भरून वर येते, पण मग तो मागं येतो का नाही? मागं यायला कमीपणा वाटून घेतला तर दुसरी मोट कशी भरेल?

आणखी एक रिवाज होता, आणि तो पैलवानांना सगळ्यात जास्त झोंबे. तालमीत कुणी जायबंदी झाला की त्याला सगळ्यांच्या पुढं, मारुतीसमोर, उभं करायचं. त्याच्या चालीनं सगळ्यांनी बैठका मारायच्या. तो दम घ्यायला थांबला की सगळे थांबले. त्याच्या संपल्या की मगच बाकीच्यांनी आपापले उरलेले चिंचोके पुरे करायचे. याचं कारण मी विचारलं तेव्हा वस्ताद मेंढरांवर गेले.

"लंगडी मेंढी माघं ठिवली की ती कळप गाठायला पळती. पळती म्हणून मरती. पुढं ठिवली की कळप तिच्या चालीनं येतो. मंग ती बरी व्हती."

तालमीच्या दाराशी किसन नावाचा माणूस अंबाडीचे दोर वळत बसे. त्याचा डावा पाय कायम समोर ताठ पसरलेला असे. तो वस्तादांचा पहिला नावाजलेला पठ्ठा होता, एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. तो तिथंच का बसतो, हे मी विचारलं नव्हतं.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या कुस्त्यांत शेषरावाचा उजवा गुडघा फिरला. शेषराव तालमीतला सगळ्यात चांगला गडी. चोवीस वर्षांचा, बाप गेलेला, शेत कसणारा घरात तो एकटाच. वस्तादांनी गुडघ्यावरून हात फिरवला, मुदत सांगितली: गुढीपाडवा. तोवर मातीत पाय नाही. दुसऱ्या दिवसापासून शेषराव पुढं उभा राहिला आणि त्याच्या बोळक्यात तीन चिंचोके पडले. तेही गुडघा पुरता न वाकवता, भिंतीला पाठ लावून. मागून कुणीतरी म्हणालं, आज बैठका आहेत का काकडआरती? वस्तादांनी त्या गड्याला उचलून शेषरावाच्या शेजारी उभं केलं आणि त्याच्या बोळक्यातही तीनच चिंचोके ठेवले, महिनाभर. नंतर कुणी बोललं नाही.

आता जहागीरदार. माणूस हौशी होता. त्यांच्याकडे मोटार होती, रस्ता नव्हता. मोटारीपुढं चांदीची काठी घेऊन चोपदार चाले, यावरून मोटारीचा वेग समजावा. घरी मराठी, बाहेर उर्दू, आणि रागावले की दोन्ही. माघातल्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीपाशी कुस्त्यांचा फड भरे. त्या साली शेजारच्या जहागीरदारांनी हैदराबादेत तयार झालेला करीम पैलवान आणला होता, आणि आमच्या जहागीरदारांनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं की त्याच्याशी आमचा शेषराव लढेल. गुडघ्याची गोष्ट त्यांना माहीत होती. पण तो गुडघा त्यांचा नव्हता.

पौषात त्यांचे पेशकार, म्हणजे कचेरीचे कारभारी, तालमीत आले. गोडबोले गृहस्थ, काम झाल्यावरच चप्पल घालणारे. त्यांनी परवान्याचा विषय काढला. त्या काळात सरकारला तालमींचा संशय येई. चार माणसं उघड्या अंगानं जमली की ती सभाच भरवत असणार, असं हैदराबादेत कुणाला तरी वाटे. म्हणून दर साल परवाना घ्यावा लागे, आणि त्यावर जहागीरदारांची सही: इथं फक्त कुस्ती होते. उर्दूतला तो अर्ज मीच लिहून देई. जागाही जहागीरदारांचीच होती. पेशकार म्हणाले, सही व्हायचीच आहे, शेषराव तेवढा राजूरला उतरू द्या. गडी चालतो आहे, फिरतो आहे, शेतावर जातो आहे. दोन महिने आधी उतरला तर असं काय मोठं बिघडेल?

दारातून किसनचा आवाज आला. दोर वळणं त्यानं थांबवलं नव्हतं.

"पेशकार साहेब, मला वस्तादानं हो म्हणलं होतं."

पेशकारांनी त्याच्या पसरलेल्या पायाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. वस्ताद उठून आखाड्यातली माती फावड्यानं उलटू लागले, आणि पेशकार जाईपर्यंत उलटतच राहिले. किसन दारात का बसतो ते मला त्या दिवशी कळलं. त्याला तिथं कुणी बसवलं होतं की तो आपणहून बसला होता, हे मी अजूनही सांगू शकत नाही.

शेषरावाला हे सगळं समजलं, आणि त्यानं जे केलं ते फक्त पैलवानच करू शकतो. तो शेतावर, मोटेच्या धावेवर, चोरून बैठका मारू लागला. शंभर झाल्या, गुडघा बोलला नाही. दोनशे झाल्या. पाचशे झाल्या तेव्हा गुडघा बरा झाला असं त्यानं ठरवलं. पैलवानाला आकडा खोटं सांगत नाही अशी त्याची श्रद्धा असते.

वस्ताद रोज पहाटे त्याच्या गुडघ्याला हाताची पालथी बाजू लावून बघत, जसं दूध कोमट आहे का बघतात. एका पहाटे हात तिथंच राहिला.

"सकाळी गुडघा गार पायजे," ते म्हणाले. "हा गरम हाये. कुठं गेल्तास?"

शेषराव म्हणाला, शेतावर.

"किती मारल्यास?"

पुढं उभ्या माणसाला मागं लपता येत नाही. शेषरावानं खाली मान घालून पाचशे म्हणून सांगितलं, आणि त्याच्या आवाजात लाजेपेक्षा अभिमान जास्त होता. मागच्या रांगेत कुणीतरी वाहवा केली. वस्तादांनी बोळक्यातल्या तीन चिंचोक्यांपैकी दोन काढून घेतले.

"वस्ताद, माझ्यापायी तालमीला कुलूप लागंल," शेषराव म्हणाला. "येक कुस्ती करून टाकतो. पाय गेला तर माझा जाईल."

"तुझा कामून? तुझ्या आईचा जाईल. औताला कोण जाणार हाये, मी?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत होती. शेषराव तालीम वाचवायला निघाला होता आणि वस्ताद त्याचा पाय. दोन्ही एकदम वाचत नव्हतं.

राजूरच्या आधी आठ दिवस जहागीरदार स्वतः आले. मोटार बारवेपाशी थांबली, कारण तिथून पुढं ती जातच नसे. चोपदारानं ललकारी दिली. शेषरावाला बोलावणं गेलं, आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला की मी लढतो. वस्तादांना वाटलं तर आत्ता परीक्षा घ्यावी.

परीक्षा काय हे गावाला ठाऊक होतं. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घ्यायची, आणि बारवेच्या एकवीस पायऱ्या उतरून खाली जायचं, पाणी न सांडता. चढताना छातीचा दम कळतो, पण गुडघा कळतो तो उतरताना, असं वस्तादांचं म्हणणं. दुखण्यातून उठलेल्या प्रत्येक गड्याला मातीत जाण्याआधी ही बारव उतरावी लागे. म्हणून त्या गावातली माणसं पाणी घेऊन विहिरीत जात.

सोनाबाईनं घागर भरून दिली. शेषराव उतरू लागला. दोन्ही काठांवर गाव उभं होतं. पाचवी पायरी झाली, दहावी झाली. घागरीच्या काठावर पाणी थरथरे, पण बाहेर येईना. मी खांद्याच्या दुखण्यात या माणसाकडून एवढंच शिकलो होतो की तोंडाकडे बघायचं नाही, म्हणून मी पायांकडे बघत होतो. जहागीरदार घागरीकडे बघत होते. ते नेहमीच सगळ्याचा वरचा भाग बघत. शेषराव शेवटच्या पायरीवर पोचला, घागर तशीच भरलेली, आणि जहागीरदारांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागून सगळ्यांनी वाजवली.

वस्तादांनी टाळ्या संपू दिल्या.

"पाणी सांडलं न्हाई, सरकार," ते म्हणाले. "पण येकच पाय उतरला. दुसरा नुस्ता संगं आला."

खरं होतं ते. दर पायरीला दुखरा उजवा पाय आधी खाली जाई, आणि वरच्या पायरीवर राहिलेला डावा पाय सगळा भार पेलून अंग हळूहळू खाली सोडी. मग तो येऊन शेजारी उभा राही. पुढच्या पायरीला पुन्हा उजवाच पुढं. एकवीस पायऱ्यांत उजव्या गुडघ्यानं अंग एकदाही पेललं नव्हतं. शेषरावानं फसवलं नव्हतं. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्याच्या पायाला ठाऊक होतं.

वस्तादांनी त्याला वर बोलावून पुन्हा उतरायला सांगितलं, एक पाय एका पायरीला, दुसरा दुसरीला. तिसऱ्या पायरीवर घागर कलली आणि पाणी त्याच्या खांद्यावरून बारवेत गेलं. कुणी हसलं नाही.

जहागीरदारांना घागर समजली, पाय समजले नाहीत. ते म्हणाले, गडी उतरणार. आमच्या शब्दाचा प्रश्न आहे. आमच्याकडे रिवाज असा होता की फडात जाण्याआधी वस्तादानं आपल्या आखाड्याची चिमूटभर माती गड्याच्या कपाळाला लावायची. त्याशिवाय त्यानं हात मिळवायचा नाही. वस्ताद म्हणाले, मी माती लावणार नाही. जहागीरदार आता दोन्ही भाषांत बोलू लागले. जमीन कुणाची, तालीम कुणाची, आणि ती माती तरी कुणाची?

"माती तुमची हाये, सरकार," वस्ताद म्हणाले. "लावणारा हात माझा हाये."

त्या दुपारी तालमीला कुलूप लागलं. दुसऱ्या पहाटे वस्ताद नदीच्या वाळूत उभे होते, आणि तालमीतले निम्मे लोक आले होते. निम्म्यांच्या घरी पेशकार जाऊन आले होते. मीही सरकारी नोकर. शाळेच्या पडवीतून बघत राहिलो. याचा मला अभिमान नाही. वाळूत सगळ्यांच्या पुढची जागा रिकामी ठेवलेली होती. शेषराव आठही दिवस आला नाही.

चतुर्थीला राजूरला माणूस मावत नव्हता. गणपतीचं दर्शन घेऊन लोक टेकडीखाली फडाकडे लोटत होते. हलगी वाजत होती. जहागीरदारांनी रिवाजाची सोय केली होती: बंद तालमीतल्या आखाड्याची माती गाडीभर भरून आणून फडाच्या एका कोपऱ्यात ओतली होती. मातीची मिरवणूक काढलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी सायकलवर गेलो होतो. वस्ताद आदल्या दिवशी पायी निघाले होते. ते माझ्या शेजारी उभे होते, आणि ते कशाला आले आहेत ते मला कळत नव्हतं.

शेषराव लंगोट लावून त्या मातीपाशी आला. समोर करीम, त्याच्याहून वीतभर उंच, शांत माणूस. शेषराव वाकला, मूठभर माती उचलली, आणि तसाच थांबला. ती कपाळाला कुणी लावायची हे त्याला कळेना. हलगीवाल्यानंही ठोका सोडला. जहागीरदार तंबूतून अर्धे उठले.

वस्तादांनी घोंगडी काढून माझ्या हातात दिली.

"धरा मास्तर."

मला वाटलं, त्यांना उकडतंय.

ते फडात गेले, सदरा काढला, धोतराचा काचा मारला आणि पंचांना म्हणाले की माझा गडी दुखण्यात आहे, त्याच्या बदली त्याचा वस्ताद. असा जुना रिवाज होता म्हणे. तो वापरलेला तिथल्या कुणीच पाहिलेला नव्हता. शेषरावानं त्यांचा दंड धरला आणि तुम्ही नाही, तुम्ही नाही, एवढंच म्हणत राहिला.

"सरक बाजूला, शेषा," ते म्हणाले. "तुझा पाडवा अजून लांब हाये."

शेषरावाच्या मुठीतली माती त्यांनी आपल्याच कपाळाला लावली. करीमनं त्यांच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "वस्ताद, आपसे कैसे लडूं?"

"बराबर लढ. हळू लढलास तर मला कळंल."

सांगायला हे सगळं थोर वाटतं. बघायला तसं नव्हतं. साठीच्या माणसाचं उघडं अंग, ढिली पडलेली कातडी, आणि समोर डोंगर. पण पट काढायला करीमनं पहिल्यांदा पायांवर झेप घेतली तेव्हा म्हातारा तिथं नव्हता. दुसऱ्यांदाही नव्हता. लोक ओरडायचे थांबले. माझ्या खिशात घड्याळ होतं, मी ते बघितलं नाही. शेवटी करीमनं त्यांना कमरेतून उचललं आणि, हे मी शपथेवर सांगतो, तो त्यांना जपून खाली ठेवत होता. पण पाठ मातीला लागू द्यायची नाही ही चाळीस वर्षांची सवय. वस्तादांनी हवेतच अंग पिळलं आणि डाव्या खुब्यावर पडले. जो आवाज आला तो माझ्या ओळखीचा होता. त्या वेळी कुणी नद्यांची नावं विचारली नाहीत.

करीमनं आपल्या गाडीतून त्यांना गावी आणलं. जहागीरदार तिथंच उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि परतेपर्यंत ते 'आमचे वस्ताद' म्हणू लागले होते. साठीत हैदराबादच्या पैलवानापुढं उभा राहिलेला माणूस आपल्या जहागिरीत असणं हे शेषरावाच्या विजयापेक्षाही शोभेचं निघालं. दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं, परवान्यावर सही आली, मातीही गाडीतून परत आली. नाकारलेली गोष्ट आपणच दिली होती असं सांगता येणं, यालाच बहुधा जहागीर म्हणतात.

मी भेटायला गेलो तेव्हा वस्ताद खाटेवर होते. खुब्याचं हाड त्यांनी स्वतःच सांगून शेषराव आणि करीम यांच्याकडून बसवून घेतलं होतं.

"गफलत झाली, मास्तर," ते म्हणाले. "समद्यांला बारवेत उतरवलं. मी उतरून बघितलं न्हाई."

मी विचारलं, बघितलं असतं तर काय कळलं असतं?

"तिसऱ्या पायरीलाच कळलं असतं." मग त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "कळल्यावर गेलो नसतो का, ते इचारू नका."

पाडव्याला शेषराव भरली घागर घेऊन बारव उतरला, एक पाय एका पायरीला, दुसरा दुसरीला. वस्तादांची खाट काठावर आणून ठेवली होती. त्या दिवसापासून तालमीत एक नवा कोनाडा झाला. वस्तादांचं बोळकं त्याआधी कधीच नव्हतं. शेषरावानं त्यात एक चिंचोका ठेवला. त्या एकाचे दोन व्हायला वैशाख उजाडला. म्हातारा कुरकुरे, चोरून जास्त करी, आणि सकाळी शेषराव त्यांच्या खुब्याला पालथा हात लावून म्हणे, "गरम हाये. काल कुठं गेल्ता?" दारातला किसन दोर वळता वळता हसे. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या दसऱ्यानंतर माझी जालन्याला बदली झाली. म्हणून शेवटचं आठवतं ते दसऱ्याचंच. सीमोल्लंघनाला गाव शिवेकडे निघालं होतं. शीव ओलांडायचा पहिला मान जहागीरदारांचा, पण त्यांची मोटार सुरू व्हायला वेळ लागला, आणि तोवर तालीम वाटेला लागली होती. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये एक गाडीवाट. सगळ्यांच्या पुढं वस्ताद, हातात काठी. त्यांच्यामागं अर्ध्या पावलावर शेषराव, मग तीस-चाळीस दांडगे गडी, आणि शेवटी कुबडीवर किसन. सगळे त्या एका चालीनं. मी बांधावर उभा होतो. किसनच्या मागं चोपदार, चोपदाराच्या मागं मोटार, मोटारीत फेटा. भोंगा वाजला. चोपदारानं दोनदा ललकारी दिली. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी बाजूलाही झालं नाही. थोड्या वेळानं चोपदाराचीही पावलं त्या चालीत पडू लागली.

पुढं ओढ्याचा उतार होता. वस्ताद तिथं थांबले, सगळे थांबले, मोटारही थांबली. त्यांनी काठी काखेत मारली आणि उतरायला लागले. जहागीरदार मोटारीत उभं राहून पुढं काय अडलं आहे ते बघत होते. मी पाय बघत होतो. उजवा, मग डावा. उजवा, मग डावा. दोन्ही पाय उतरत होते.